शंभर ग्रॅम शिळं

सव्वीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या अन्नातली घाण शोधण्यात घालवली, त्यालाच एकदा कामापुरती थोडी घाण हवी होती, आणि अख्ख्या शहरात ती त्याला कुणी देईना. ही गोष्ट त्या माणसाची.

इमारतीतली पोरं त्याला जंतूकाका म्हणत. पोरांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणू लागले आणि पुढे पुढे दूधवालाही. काकांना हे नाव मुळीच आवडत नसे. सरकारी अन्न तपासणी प्रयोगशाळेत ते वरिष्ठ तपासनीस होते, आणि दुकानांतून, खानावळींतून, कारखान्यांतून आलेल्या नमुन्यांत जिवाणू किती आहेत हे मोजणं त्यांचं काम होतं. जिवाणू मोजणाऱ्याला जंतू म्हणायचं असेल तर पोस्टमनला पाकीट म्हणायला हवं, असं त्यांनी इमारतीच्या एका बैठकीत चांगलं ठणकावून सांगितलं. तेव्हापासून सगळे पोस्टमनला पाकीटकाका म्हणतात. काकांच्या नावात काही फरक पडला नाही.

आता मोजणं मोजणं म्हणतात, पण ते पुढचं. त्याआधी अन्न आणि पाणी एकजीव करावं लागतं, कारण जिवाणू काही ‘आम्ही इथे आहोत’ म्हणून हात वर करून उभे नसतात. पंचवीस ग्रॅम अन्न घ्यायचं, त्यात नऊपट निर्जंतुक द्रव घालायचा आणि घुसळायचं. काकांच्या प्रयोगशाळेत हे काम एक जुना मिक्सर करी. त्याचं भांडं जाड स्टीलचं होतं आणि आवाज असा, की तो सुरू झाला की दोन खोल्या पलीकडे फोनवर बोलणारा माणूस ‘जरा थांबा हं’ म्हणून फोन छातीशी धरी. काकांचा त्या मिक्सरवर जीव होता. एकच अडचण होती. दर नमुन्यानंतर भांडं बदलायचं, आणि वापरलेलं भांडं वाफेत टाकून, खोलून, पातं वेगळं करून, ब्रशने घासून, कागदात गुंडाळून पुन्हा वाफेच्या त्या मोठ्या कुकरमध्ये शेकवून काढायचं. दिवसाला तीस भांडी. आणि ती सगळी धुवायच्या मावशी.

मावशी एकोणीस वर्षं भांडी धूत होत्या. त्यांनी धुतलेल्या भांड्यात कधी काही राहिलं, असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. पण एक दिवस चहाच्या सुट्टीत त्यांनी बिस्किटांचा पुडा काकांपुढे धरला आणि म्हणाल्या, “साहेब, एवढा फोडून द्या. आज बोटं ऐकत नाहीयेत.”

काकांनी पुडा फोडला आणि मग त्या बोटांकडे पाहिलं. गरम पाण्याने आणि सोड्याने कातडी भेगाळली होती, पात्यांचे बारीक वळ होते, सांधे सुजले होते. एकोणीस वर्षं ती बोटं त्यांच्यासमोर होती आणि त्यांना ती दिसली नव्हती, याची त्यांना मनापासून लाज वाटली. लाज वाटलेला माणूस भलतंच बोलून जातो. काका म्हणाले, “मावशी, त्या भांड्यांचा मी बंदोबस्त करतो.”

सरकारी नोकरीत ‘करतो’ म्हणायचं नसतं. ‘बघतो’ म्हणायचं असतं. ‘बघतो’ म्हटलं की माणूस निवृत्तीपर्यंत बघू शकतो. पण काका ‘करतो’ म्हणून बसले, आणि मावशींनी मान हलवली. ती मान काकांना पुढे पंधरा दिवस जिकडेतिकडे हलताना दिसत होती.

तर बंदोबस्त म्हणजे एक नवीन यंत्र. त्यात भांडं नाही, पातं नाही. अन्न आणि द्रव एका जाड निर्जंतुक पिशवीत घालायचं, पिशवी यंत्रात अडकवायची, दार लावायचं. आतल्या दोन फळ्या दोन मिनिटं पिशवीला आळीपाळीने बडवतात. झालं. पिशवीतला द्रव मोजणीला घ्यायचा आणि पिशवी टाकून द्यायची. कागदोपत्री त्याचं नाव पॅडल ब्लेंडर होतं, पण मावशींनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तर पिशवीबडव्या.” पुढे कंपनीचा माणूसही तेच म्हणू लागला.

कंपनीने यंत्र दोन आठवड्यांसाठी वापरून बघायला दिलं. संचालकबाईंनी फाइलवर शेरा मारला: दोन्ही यंत्रांची किमान तीस नमुन्यांवर तुलना करून अहवाल दुसऱ्या शुक्रवारी खरेदी समितीपुढे ठेवावा. शनिवारी यंत्र परत जाणार होतं. अहवाल नसेल तर प्रस्ताव बंद, आणि त्या कार्यालयात बंद झालेला प्रस्ताव उघडायला माणसाला पुढचा जन्म घ्यावा लागे.

तुलना तशी सोपी. जिवाणू असलेले तीस खाद्यपदार्थ घ्यायचे, प्रत्येकाचे दोन भाग करायचे, एक मिक्सरमध्ये, एक पिशवीबडव्यात, आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का पाहायचं. सोपी म्हणजे अशी सोपी, की काका ‘चार दिवसांत उरकतो’ म्हणाले. (हा दुसरा ‘करतो’.)

पहिली अडचण अशी, की प्रयोगशाळेत येणारे नमुने म्हणजे कायद्याचा पुरावा. त्यांतला चमचाही प्रयोगासाठी वापरता येत नाही. मग बाजारातून विकत आणावं म्हणून काका खरेदी अधिकाऱ्यांकडे गेले. खरेदी अधिकारी हा इस्त्रीचा माणूस होता. त्यांच्या शर्टाला इस्त्री असे, रुमालाला असे आणि बोलण्यालाही असे.

“कोणता माल हवा आहे?” त्यांनी विचारलं.

“अन्न. म्हणजे थोडं खराब झालेलं.”

“खराब माल आपण खरेदी करत नाही.”

“पण मला खराबच हवाय.”

“आपण अन्न घेतो तेव्हा पुरवठादाराकडून ते ताजं असल्याचा दाखला घेतो. नियम आहे.”

“बरं, दाखला आणतो. कोण देतं तो?”

खरेदी अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच जरा अडखळले. “तुमची प्रयोगशाळा,” ते म्हणाले.

म्हणजे काकांनी खराब अन्न आणायचं, ते ताजं असल्याचा स्वतःच दाखला द्यायचा, आणि मग ते किती खराब आहे हे मोजायचं. काका आयुष्यभर सरळ मार्गाने चालले होते. ते मुकाट्याने घरी आले.

घरी त्यांना एकदम सुचलं. त्यांच्या इमारतीत बत्तीस घरं होती, म्हणजे बत्तीस फ्रीज. बत्तीस फ्रीजमध्ये मिळून तीस शिळे पदार्थ नसतील तर जगात काही खरं नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी खाली सूचना लावली: ‘वैज्ञानिक कामासाठी प्रत्येक घरातून शंभर ग्रॅम अन्न हवे आहे. शिळे असल्यास उत्तम. नाव गुप्त राहील. सोमवारी सकाळी सात वाजता.’

शनिवारी सगळ्या इमारतीने ही सूचना वाचली आणि रविवारी सगळ्या इमारतीने सल्ला दिला. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “यंत्रं हवीत कशाला? पिशवी हातात धरून जोरात हलवा. आमच्या वेळी सगळं हातानेच व्हायचं.” त्यांच्या वेळी जिवाणू मोजले जात होते का, हे विचारण्याचा काकांना मोह झाला, पण मुख्याध्यापकांसमोर अजूनही सगळे जण हात मागे बांधून उभे राहत. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीने सांगितलं, की बडवणं वाईट, कापड बडवलं की विरतं, तुम्ही आपलं पिळा. इमारतीचे सचिव म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण निकाल सूचनाफलकावर लागलेच पाहिजेत. रहिवाशांना माहितीचा हक्क आहे.”

“नावं गुप्त आहेत हो. नुसते क्रमांक असणार.”

“क्रमांक घरांचेच ना?” सचिव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते काकांनी त्याच वेळी ओळखायला हवं होतं. इमारतीभर बातमी झाली, की जंतूकाका घराघरातली स्वयंपाकघरं तपासणार आहेत.

सोमवारी सकाळी काका बर्फाची पेटी घेऊन जिन्याशी उभे राहिले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस घरांनी अन्न आणलं. काकांना भरून आलं. एवढी एकजूट इमारतीत पाण्याची टाकी फुटली तेव्हाही दिसली नव्हती. काचेच्या वाडग्यांत, चांगल्या डब्यांत, वर रुमाल टाकून. एकीने भातावर कोथिंबीर पेरली होती. काही डबे हाताला गरम लागत होते, पण काकांनी त्याकडे कानाडोळा केला. स्वतःच्या घरातला डबा तर काकूंनी दोन फडक्यांत धरून आणून दिला.

“अगं, हा कढत आहे.”

“नुसता गरम केलाय,” काकू म्हणाल्या. “दोनदा. नाही, तीनदा. तुम्ही तो परक्या माणसांसमोर उघडणार ना?”

दिवसभर प्रयोगशाळेत मिक्सर गर्जत होता, पिशवीबडव्या धपधपत होता. चौसष्ट भाग तयार झाले, त्यांच्या बशा भरून उबेच्या कपाटात गेल्या. जिवाणू वाढून दिसायला दोन दिवस लागतात. बुधवारी सकाळी काकांनी कपाट उघडलं. पहिली बशी काचेसारखी स्वच्छ होती. दुसरीही. विसाव्या बशीला काकांनी भिंग मागवलं, आणि शेवटच्या बशीला ते खाली ठेवलं. बत्तीस घरं, चौसष्ट भाग आणि एकाही बशीत एक ठिपका नाही. शून्य. तीस गृहिणींनी, आणि दोन विधुरांनी, जिवाणूंचा असा नायनाट केला होता की शस्त्रक्रियेच्या खोलीने शिकून घ्यावं.

“साहेब, उत्तम!” कंपनीचा माणूस म्हणाला. “मिक्सरचं शून्य, आपलं शून्य. शंभर टक्के जुळतंय की!”

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला गेला.

त्या संध्याकाळी काका स्वतः दारोदार फिरले. मान खाली घालून ‘जरा खराब काही असेल तर द्या हो’ म्हणायचं. जिन्याच्या चाळीस पायऱ्यांवर त्यांच्या प्रतिष्ठेचं काय झालं ते सांगवत नाही. “खराब? आमच्याकडे?” पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “आमच्याकडे काही उरतच नाही. वरती विचारा. त्यांच्याकडे नक्की असेल.” वरच्यांनी त्यांच्या वरचं घर दाखवलं. त्यांनी समोरचं दाखवलं. शेवटच्या मजल्यावर फक्त गच्ची उरली, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तळमजल्यावर विचारून बघा.” प्रत्येकाला दुसऱ्याच्या फ्रीजची इत्थंभूत माहिती होती, आणि कुणाकडेच काही नव्हतं.

मग काकांनी ठरवलं, आपणच नासवू. नासवणं म्हणजे काय, काही न करणं. सरकारी माणसाला ते जमायला हवं. त्यांनी गुरुवारी भाताची वाटी खिडकीत झाकून ठेवली. संध्याकाळी वाटी धुऊन पालथी घातलेली होती. “उष्टं खिडकीत ठेवतात का हो?” काकू म्हणाल्या. शुक्रवारी त्यांनी वाटीवर ‘टाकू नये’ अशी चिठ्ठी लावली. काकूंनी टाकलं नाही. उकळून पुन्हा झाकून ठेवलं.

घरी जमेना म्हणून काकांनी ऑफिसात आपल्या कपाटात दुधाची बाटली दडवली. सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर बाटली चकचकीत धुतलेली, वाफवून काढलेली आणि कागदात गुंडाळलेली होती. मावशी समोर उभ्या होत्या. “साहेब, तुमच्या कपाटातून वास यायला लागला होता. कुणाला कळायच्या आत उरकलं,” त्या हळूच म्हणाल्या. काका त्यांच्या त्या लाल झालेल्या बोटांकडे बघत राहिले. ज्या हातांना आराम मिळावा म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच हातांनी आरामाची बाटली घासून टाकली होती. रागवायचं तरी कुणावर?

त्याच सकाळी, काही तरी हाताशी असावं म्हणून, काकांनी वाटेतल्या दुकानातून कोंबडीचा एक तुकडा स्वतःसाठी म्हणून आणला होता. तो पिशवीत घालून त्यांनी यंत्र सुरू केलं. त्या तुकड्यात हाड होतं. नेमके त्याच वेळी खरेदी अधिकारी कसल्याशा सहीसाठी आत आले आणि हे काय नवीन म्हणून यंत्राच्या काचेशी वाकले. हाडाने पिशवी फोडली. फळ्यांना त्याचं काही नव्हतं, त्या आपल्या बडवत राहिल्या, आणि सगळा रस्सा खालच्या फटीतून खरेदी अधिकाऱ्यांच्या इस्त्रीच्या विजारीवर उतरला.  जाता जाता ते फाइलवर एवढंच लिहून गेले: ‘यंत्र गळके आहे.’

सोमवार उजाडला होता तो असा. शुक्रवारी समिती. बशांना दोन दिवस लागतात, म्हणजे मंगळवारी नमुने लावले तरच गुरुवारी आकडे मिळणार होते. काका संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले.

“झालं तरी काय एवढं?” काकूंनी विचारलं. “नाही मिळालं यंत्र तर नाही. तुमचा मिक्सर आहेच की. तुमचा तर लाडका.”

तेव्हा काकांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. बिस्किटांचा पुडा, बोटं, एकोणीस वर्षं, ‘करतो’ म्हणालो ते. आतापर्यंत त्यांनी घरी फक्त यंत्राचं सांगितलं होतं, बोटांचं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “मी शब्द दिलाय गं,” ते म्हणाले. “आणि मला भात नासवता येत नाहीये.”

 काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीजच्या सगळ्यात खालच्या खणात हात घालून, पार मागे, भाजीच्या पिशव्यांआड, त्यांनी काही तरी चाचपडलं आणि एक डबा आणून काकांच्या मांडीवर ठेवला.

“घ्या. मोड आलेले मूग आहेत. सात दिवसांचे. आठ असतील.” त्या दुसरीकडे बघत होत्या. “गरम केलेले नाहीत. झाकण इथे उघडू नका.”

तीस वर्षांच्या संसारात काकूंनी काकांना पुष्कळ काही दिलं होतं, पण यापेक्षा मोठं काही दिल्याचं काकांना आठवेना.  “अगं,” ते म्हणाले आणि डबा दोन्ही हातांनी धरून उठू लागले.

“बसा तुम्ही,” काकूंनी पदर खोचला. “मी जाऊन येते.”

काका ज्या जिन्याने पाच दिवसांपूर्वी मान खाली घालून गेले होते, त्याच जिन्याने काकू मान ताठ ठेवून गेल्या. पहिल्याच दारात त्या म्हणाल्या, “हे बघा, माझ्या फ्रीजमध्ये आठ दिवसांचे मूग होते. मी दिले. आता तुम्ही काय देताय?” डॉक्टरीणबाई अवाक झाल्या. एवढ्या नेटक्या बाईच्या घरी आठ दिवसांचे मूग! त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद पसरला, मग सुटका. “नाही म्हणजे,” त्या म्हणाल्या, “एक खिमा आहे. पण तुम्ही कुणाला सांगू नका.” काकू सांगत कशाला होत्या? त्यांनी फक्त पुढच्या दारात मावशींची बोटं सांगितली आणि आपले मूग सांगितले. तासाभरात इमारतीत जणू बांध फुटला. आंबलेलं सूप आलं, कापून विसरलेलं कलिंगड आलं, चिकट झालेलं पनीर आलं. मुख्याध्यापक स्वतः एक बरणी घेऊन आले आणि घसा साफ करून म्हणाले, “यात काय आहे ते मलाही निश्चित सांगता येणार नाही.” सचिवांनी तर तीन डबे आणले. मिळून सदतीस भरले.

मंगळवारी मिक्सर गर्जला, पिशवीबडव्या धपधपला. हाडं काकांनी आधी एकेक करून वेचून काढली. गुरुवारी सकाळी त्यांनी कपाट उघडलं. पहिल्या बशीत ठिपके होते. टपोरे, पिवळट, सुटे सुटे, मोजायला हवेत तितकेच. काकांनी डोळे पुसले. जिवाणू पाहून सुखाने रडलेला माणूस मावशींनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला आणि त्या अदबीने बाहेर गेल्या.

संध्याकाळी इमारतीच्या दाराशी लोक उभे होते.

“आमचे किती आले?” डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

“ग्रॅमला दोन लाख.”

“फक्त दोन? आणि वरच्यांचे?”

आकडे मोठे आले म्हणून माणसं मिरवतात, मग ते कसलेही असोत, हे काकांना त्या दिवशी कळलं. मुख्याध्यापकांच्या बरणीतले तर मोजण्यापलीकडे गेले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि छाती पुढे काढून जिना चढले.  घरात पानं वाढताना काकू एवढंच म्हणाल्या, “आणि एक नंबरचा डबा?”

“सगळ्यात छान आला.”

“छान म्हणजे घाण ना?”

“छान म्हणजे छान,” काका म्हणाले. काकूंनी त्यांच्या पानात जरा जास्तच वाढलं.

शुक्रवारी समिती बसली. संचालकबाई, मुख्य कार्यालयातले एक अभियंता आणि नव्या विजारीतले खरेदी अधिकारी. काकांनी आलेख मांडले, सदतीस नमुन्यांचे चौऱ्याहत्तर भाग मांडले, आणि अभिमानाने निष्कर्ष वाचला: दोन्ही यंत्रांचे आकडे जवळजवळ तंतोतंत सारखे.

“छान,” खरेदी अधिकारी म्हणाले. “सारखेच आहेत. मग नवीन कशाला?”

 काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पंधरा दिवस दोन्ही यंत्रं सारखी आहेत हे सिद्ध करायला ते धडपडले होते आणि आता ती सारखी निघाली हीच अडचण झाली होती. मावशींच्या बोटांचं सांगावं तर तुलनेच्या छापील प्रपत्रात बोटांचा रकाना नव्हता. अचूकता होती, आवाज होता, विजेचा वापर होता. काकांची नजर घसरत खाली आली. शेवटचा रकाना होता: ‘प्रति नमुना लागणारा वेळ’. आकड्यांच्या आनंदात तो कोराच राहिला होता.

“साहेब,” काका म्हणाले, आणि हे बोलणारे आपणच का याचं त्यांना नवल वाटलं, “हा वेळेचा रकाना समितीने स्वतः भरावा, अशी माझी विनंती आहे. मी भरला तर पक्षपात होईल.”

खरेदी अधिकाऱ्यांना ही भाषा पटली. सगळे प्रयोगशाळेत आले. हाड नसलेला ताजा खिमा आणला गेला. अभियंत्यांनी पिशवीबडव्या घेतला, खरेदी अधिकाऱ्यांनी मिक्सर. संचालकबाईंनी घड्याळ लावलं. मिक्सर गर्जला आणि एका मिनिटात थांबला. पिशवीबडव्याला दोन मिनिटं लागली. अभियंत्यांनी द्रव नळीत घेतला, पिशवी टाकली आणि हात पुसले.

“जुनं यंत्र दुप्पट वेगवान,” खरेदी अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. “लिहा.”

“घड्याळ अजून चालू आहे, साहेब,” काका म्हणाले. “पुढच्या नमुन्यासाठी भांडं तयार व्हायचंय.”

मावशींनी मुकाट्याने एप्रन पुढे केला.

खरेदी अधिकारी नियमाचे पक्के होते, त्यामुळे मागे हटले नाहीत. त्यांनी बाह्या दुमडल्या. पातं कसं सुटतं हे कळायला त्यांना सात मिनिटं लागली, आणि सुटलं तेव्हा त्यांच्या बोटाला लागलं. संचालकबाईंनी पट्टी लावली. मग सोडा, मग कढत पाणी, मग ब्रश. त्यांनी भांडं मावशींपुढे धरलं. मावशींनी ते उजेडाकडे तिरकं केलं. “पात्याच्या खाचेत राहिलंय, साहेब.” त्यांनी पुन्हा घासलं. “रबराखाली आहे अजून.” तिसऱ्यांदा मावशींनी भांड्यात बोट फिरवलं आणि ते नुसतं परत दिलं. खरेदी अधिकाऱ्यांच्या केसांना पहिल्यांदाच इस्त्री उरली नव्हती. चौथ्यांदा मावशींनी होकारार्थी मान हलवली. एकोणचाळीस मिनिटं झाली होती, आणि वाफेच्या कुकरचा तास अजून बाकी होता.

खरेदी अधिकाऱ्यांनी आपल्या भाजल्यासारख्या लाल हातांकडे पाहिलं. मग मावशींच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“अशी दिवसाला किती?” त्यांनी विचारलं.

“तीस,” मावशी म्हणाल्या. “गर्दी असली तर चाळीस.”

त्यांनी ओल्या हातानेच फाइल ओढली आणि सही केली. शाई पसरली, तरी त्यांनी दुसरा कागद मागितला नाही. ‘यंत्र गळके आहे’ याखाली फक्त इतकंच लिहिलं: ‘हाडे काढून वापरावे.’

पुढच्या सोमवारी काकांनी यंत्र कसं लावायचं ते मावशींना शिकवलं. भांडीच नाहीत म्हटल्यावर आता नमुने तयार करणं त्यांच्याकडे आलं होतं. मावशींनी पिशवी अडकवली, दार लावलं, बटण दाबलं. फळ्या धपधप सुरू झाल्या. मावशी यंत्रासमोर हात पुढे घेऊन उभ्या राहिल्या, कुणी तरी काही तरी देईल अशा.

“आता काय करू?”

“आता काही नाही. दोन मिनिटं बसायचं.”

“बसायचं?” मावशींनी आजूबाजूला पाहिलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्या खोलीत साडेदहाला बसलेल्या मावशी काकांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच एक स्टूल ओढून दिलं. मावशी त्याच्या अगदी कडेला टेकल्या. मग जरा मागे सरकल्या. मग हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि काकांच्या लक्षात आलं की आपलेही डोळे भरलेत आणि या खेपेला समोर एकही जिवाणू नाही. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि तेही बसले.

दारात संचालकबाई येऊन उभ्या राहिल्या. वरिष्ठ तपासनीस आणि मावशी स्टुलांवर शेजारी शेजारी बसून एका पिशवीकडे टक लावून बघताहेत, हे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“काय चाललंय?”

काका ताडकन उठले. मावशी उठल्या नाहीत.

“काम चाललंय, मॅडम,” त्या म्हणाल्या.